रक्ताची गुठळी आणि समाजाचे ऋण

२०२४ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमधून आलेल्या एका बातमीने महाराष्ट्रातील घराघरांत काही दिवस मोठीच अस्वस्थता निर्माण केली. ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या आणि ॲस्ट्राझेनेका कंपनीने बाजारात आणलेल्या करोना प्रतिबंधक लशीमुळे अत्यंत विरळा प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊ शकतात, असे त्या कंपनीने लंडनच्या उच्च न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत मान्य केले आहे, अशी ती बातमी होती. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशील्ड’ या नावाने बनविली होती आणि भारतात दिल्या गेलेल्या दोनशे वीस कोटींहून अधिक मात्रांपैकी बहुतांश मात्रा तिच्याच होत्या. साहजिकच, तीन वर्षांपूर्वी रांगेत उभे राहून ज्यांनी ती टोचून घेतली होती, त्या प्रत्येकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

या बातमीनंतर लोकांचे दोन तट पडले. सारे काही जाणूनबुजून लपविण्यात आले, असे एका तटाचे म्हणणे. मूठभर घबराट्यांनी उठविलेली ही आवई आहे, तीत काहीही तथ्य नाही, असे दुसऱ्याचे. वस्तुस्थिती या दोहोंहून निराळी होती. युरोपच्या औषध नियामक संस्थेने हा दुष्परिणाम अत्यंत विरळा, परंतु खरा म्हणून ७ एप्रिल २०२१ रोजीच जाहीर केला होता. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ रोजी त्याविषयी पत्रक काढून, लस घेतल्यानंतर वीस दिवसांच्या आत श्वास लागणे, छातीत वा हातापायांत वेदना, तीव्र डोकेदुखी, त्वचेवर लाल ठिपके अशी लक्षणे दिसल्यास कळवावे, असे सांगितले होते. म्हणजे गोष्ट गुप्त नव्हती आणि खोटीही नव्हती. ती केवळ समजावून सांगितली गेली नव्हती. न समजलेले सत्य लोकांच्या हाती उशिरा पडले, की ते अफवेपेक्षाही अधिक भय उत्पन्न करते.

रोगाशी लढण्याची शक्ती वाढविण्यासाठी दिलेली लस रक्त गोठविण्यास कारण व्हावी, हे सामान्य माणसाला चमत्कारिक वाटणे स्वाभाविक आहे. रोगप्रतिकार निराळा आणि रक्त साकळणे निराळे, असेच तो शाळेपासून शिकत आलेला असतो. या समजुतीच्या मुळाशी गेल्याखेरीज त्या विरळा अपघाताचे स्वरूप कळणार नाही. आणि स्वरूप कळल्याखेरीज त्याची किंमत कोणी द्यावयाची, या खऱ्या प्रश्नाचा निर्णय करता येणार नाही.

दोन शास्त्रे, एक रक्त

या दोन शास्त्रांचा जन्म जवळजवळ एकाच वेळी आणि एकाच देशात व्हावा, हा इतिहासातील एक योगायोग म्हटला पाहिजे. १८८२ च्या सुमारास इटलीतील मेसिना येथे एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अर्भकात काटा टोचून पाहिला आणि फिरत्या पेशी त्या काट्याभोवती गोळा होतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली टिपले. रोगप्रतिकाराच्या आधुनिक शास्त्राचा एक पाया येथे घातला गेला. त्याच काळात त्याच देशात तुरीन येथे ज्यूलिओ बित्सोत्सेरो हा संशोधक रक्तातील अतिसूक्ष्म चकत्यांचा अभ्यास करीत होता. जखमेच्या जागी प्रथम धावून येणाऱ्या आणि एकमेकींना चिकटून छिद्र बुजविणाऱ्या या चकत्या म्हणजे बिंबिका. डेंग्यूच्या साथींनी आता त्यांना ‘प्लेटलेट’ या नावाने घरोघर परिचित करून ठेवले आहे. मेचनिकॉफच्या शोधातून प्रतिकारशास्त्र वाढले, बित्सोत्सेरोच्या शोधातून रक्त साकळण्याचे शास्त्र वाढले आणि पुढील शंभर वर्षे ही दोन्ही शास्त्रे सरकारी कचेरीतील दोन खात्यांप्रमाणे शेजारी राहूनही परस्परांपासून बरीचशी अलिप्त राहिली.

निसर्गाने मात्र अशी खातेवाटणी केलेली नव्हती. याचा सर्वांत बोलका पुरावा समुद्रकिनाऱ्यावरील एका अतिप्राचीन प्राण्यात सापडतो. घोड्याच्या नालेसारखे कवच असलेला हा ‘हॉर्सशू क्रॅब’ नावाने खेकडा असला, तरी कुळाने कोळी व विंचू यांना जवळचा आहे. भारतात ओडिशाच्या किनाऱ्यावर तो आढळतो. त्याच्या निळ्या रक्तात काही जातींच्या जंतूंचे विष अत्यल्प प्रमाणात जरी मिसळले, तरी ते रक्त तत्काळ घट्ट होते. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली. जंतूला जागच्या जागी थिजवून टाकणे हाच या प्राण्याचा प्रतिकार होय. रक्त गोठणे आणि रोगाशी लढणे या त्याच्या शरीरात दोन क्रिया नाहीतच. पुढे याच रक्तापासून टोचावयाची औषधे व लशी जंतुविषापासून मुक्त आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याची चाचणी तयार झाली आणि ती जगभर रूढ झाली.

मनुष्याच्या शरीरात या क्रिया अधिक गुंतागुंतीच्या झाल्या, तरी त्यांचे नाते तुटले नाही. शेतात चालताना पायात बाभळीचा काटा मोडतो, तेव्हा कातडीला केवळ छिद्र पडत नाही. जंतूंना दार उघडते. रक्त वाहून जाऊ न देणे आणि आत शिरलेल्यांना पसरू न देणे ही दोन्ही कामे त्याच क्षणी करावी लागतात. म्हणूनच जंतूंची चाहूल लागताच काही पांढऱ्या पेशी रक्त साकळण्याची साखळी सुरू करणारे द्रव्य आपल्या अंगावर आणतात. प्लेटलेट छिद्र बुजवितात, तशाच त्या पांढऱ्या पेशींना हाकही घालतात. फायब्रिन नावाच्या तंतूंचे जे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशींबरोबर जंतूही अडकतात. २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतील संशोधकांनी तर असे दाखवून दिले, की काही पांढऱ्या पेशी स्वतःच्या अंतरंगातील डीएनएचे धागे बाहेर फेकून जंतूंना जाळ्यात पकडतात. हेच धागे गुठळीलाही बळकटी देतात, हे पुढे २०१० मध्ये दिसून आले. २०१३ मध्ये म्युनिकच्या दोन संशोधकांनी या संयुक्त व्यापाराला एक स्वतंत्र नावच दिले. सारांश, गुठळी ही केवळ जखमेवरील खपली नसून ती शरीराच्या तटबंदीचाही एक भाग आहे.

पहाऱ्याचा अतिरेक

परंतु तटबंदी जितकी कडक, तितका तिचा जाचही मोठा. चोराला पकडण्यासाठी गल्लीबोळ बंद करणाऱ्या पहारेकऱ्याने एखाद्या वेळी साऱ्या गावाची रहदारीच रोखून धरावी, तसे शरीरात घडते. रक्तात जंतू पसरल्यामुळे होणाऱ्या गंभीर आजारात सूक्ष्म गुठळ्या सर्वत्र होऊन मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होतात, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. २०२० मध्ये करोनाने हेच दृश्य अधिक मोठ्या प्रमाणावर दाखविले. त्या रोगाने मरण पावलेल्यांच्या फुप्फुसांतील बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी भरलेल्या आढळल्या. विषाणू श्वासाचा, पण कित्येकांचा घात केला तो रक्ताने. म्हणूनच १९१६ पासून ज्ञात असलेले हेपारिन हे रक्त पातळ ठेवणारे जुने औषध या नव्या रोगात उपयोगी पडले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांनी असे दाखविले, की रुग्णालयातील मध्यम आजारी रुग्णांना त्याच्या पूर्ण मात्रेचा लाभ होतो. अतिदक्षता विभागात पोहोचलेल्यांना मात्र तो होत नाही. पहारेकऱ्याला वेळीच आवरले तर उपयोग, उशीर झाला तर नाही, असाच याचा अर्थ लागतो.

लशीच्या अपघाताचे मूळही याच नात्यात आहे. प्लेटलेट जखमेपाशी फुटतात तेव्हा त्यांच्यातून धन विद्युत्भार असलेले एक प्रथिन बाहेर पडते. त्याला ‘प्लेटलेट फॅक्टर चार’ असे नाव आहे. कित्येक जंतूंच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. त्यांना हे प्रथिन जाऊन चिकटते आणि जणू खूण करून ठेवते. प्रतिकारसंस्था ती खूण ओळखून प्रतिपिंडे सोडते. व्यवस्था उत्तम आहे. परंतु कधी कधी हीच प्रतिपिंडे उलट प्लेटलेटनाच चेतवितात आणि जंतू नसतानाही गुठळ्या होऊ लागतात. गंमत अशी, की रक्त पातळ ठेवण्यासाठी दिलेले हेपारिनही याच प्रथिनाशी संयोग पावून काही थोड्या रुग्णांत असा उलटा परिणाम घडविते. डॉक्टरांना हा विकार ठाऊक होता आणि हेच पूर्वज्ञान २०२१ मध्ये कामी आले.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात लस घेतलेल्या काही तरुण स्त्रीपुरुषांना मेंदूतील शिरांत गुठळ्या झाल्याचे युरोपात आढळले. चमत्कार असा, की त्यांच्या रक्तातील प्लेटलेट वाढलेल्या नसून कमी झालेल्या होत्या. डेंग्यूमध्ये प्लेटलेट घटल्या की रक्तस्राव होतो, एवढेच ज्यांना ठाऊक, त्यांना हे कोडेच वाटावे. पण त्या घटल्या होत्या याचे कारण त्या गुठळ्यांत खर्ची पडत होत्या. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड आणि नॉर्वेतील ऑस्लो येथील डॉक्टरांनी काही आठवड्यांतच या रुग्णांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे शोधून काढली आणि एप्रिलमध्ये आपले निष्कर्ष जगापुढे ठेवले. जर्मन अहवालातील अकरा रुग्णांपैकी सहा आणि नॉर्वेच्या पाचांपैकी तीन दगावले होते. परंतु कारण कळताच उपचार बदलले. हेपारिन टाळावे, दुसरी गुठळीरोधक औषधे वापरावीत, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन द्यावे, हे ठरले. त्याच वर्षी ब्रिटनमधील दोनशे वीस रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूचे प्रमाण बावीस टक्क्यांवर आलेले दिसले. अपघात मोजला गेला, उघडपणे सांगितला गेला, म्हणून पुढचे प्राण वाचले. माहिती ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे अर्थशास्त्रातील वचन येथे शब्दशः खरे ठरले.

बेरजेचा हिशेब आणि एकाचा हिशेब

आता या जोखमीचा हिशेब मांडावयास हवा. ब्रिटनमध्ये पन्नास वर्षांखालील व्यक्तींत पहिल्या मात्रेनंतर हा विकार सुमारे पन्नास हजारांत एकाला झाला; त्याहून मोठ्या वयात त्याचे प्रमाण बरेच कमी होते. म्हणूनच त्या देशाने तरुणांना दुसरी लस देण्याचे ठरविले. भारतात आरोग्य मंत्रालयाच्या मे २०२१ च्या पत्रकानुसार दहा लाख मात्रांमागे ०.६१ एवढ्याच प्रकरणांची नोंद झाली. त्याच पत्रकात ब्रिटनचा आकडा चार आणि जर्मनीचा दहा असा दिला होता. दक्षिण आशियातील लोकांत गुठळ्यांचे प्रमाण मुळातच कमी आढळते, असे स्पष्टीकरण त्यासोबत होते आणि त्यात तथ्य असू शकते. परंतु नोंदीचा आकडा हा नोंद करणाऱ्या यंत्रणेचाही आकडा असतो, हे विसरून चालणार नाही. ज्या तालुक्याच्या गावी मेंदूचे छायाचित्र घेण्याची सोय नाही आणि जेथे तीव्र डोकेदुखीने दगावलेल्याच्या मृत्यूचे कारण शोधण्याची रीत नाही, तेथील अपघात मोजलाच जात नाही. न मोजलेली गोष्ट नसते असे नव्हे.

या जोखमीच्या दुसऱ्या पारड्यात रोगाची जोखीम टाकली पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये इंग्लंडमधील सुमारे दोन कोटी नव्वद लाख लसधारकांच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील हिशेबाप्रमाणे, एक कोटी लोकांना या लशीची पहिली मात्रा दिल्यास शिरांतील गुठळ्यांची ६६ जादा प्रकरणे अपेक्षित होती. तेवढ्याच लोकांना करोनाची लागण झाल्यास जादा प्रकरणांची संख्या १२,६१४ एवढी भरत होती. म्हणजे गुठळीच्या भयाने लस नाकारणारा मनुष्य त्याच गुठळीच्या अधिक मोठ्या धोक्याला सामोरा जात होता. रोग सर्वत्र पसरलेला असताना लसीकरणाचा निर्णय योग्य होता, याविषयी संशयाला जागा राहत नाही.

परंतु बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेब संपला, असे मात्र नाही. एकूण लाभ कितीही मोठा असो, ज्या घरातील तरुण मुलगी दहा दिवसांत गेली, त्या घराच्या दृष्टीने हानी लाखात एक नसते. ती संपूर्ण असते. निकोलस कॅल्डोर आणि जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडलेली एक कसोटी अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविली जाते. ज्यांचा लाभ झाला ते ज्यांची हानी झाली त्यांना भरपाई देऊनही लाभातच राहू शकत असतील, तर ते धोरण समाजाच्या हिताचे समजावे, अशी ती कसोटी आहे. तिच्यातील ‘राहू शकत असतील’ या शब्दांवर मागाहून बराच वाद झाला. कारण भरपाई देता येणे निराळे आणि ती प्रत्यक्ष देणे निराळे. कागदावर भरपाई शक्य आहे, एवढ्याच आधारावर धोरण राबवावयाचे आणि मग भरपाई द्यावयाचीच नाही, हा व्यवहार कल्याणाचा नव्हे.

लस घेणारा मनुष्य केवळ स्वतःसाठी दंड पुढे करीत नाही. त्याच्यामुळे साथीचा जोर कमी होतो, रुग्णालयातील खाटा मोकळ्या राहतात, शाळा आणि कचेऱ्या उघडतात. लाभ साऱ्या समाजाकडे जातो आणि अपघाताची हानी मात्र एकाच्या दारी येते. अशा वेळी त्या कुटुंबास दिलेली रक्कम हे दान नसते. ते ऋणाची फेड असते.

दोष कोणाचा?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र सादर केले, त्यात मांडलेली भूमिका या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. लस घेतल्यानंतर मृत्यू पावलेल्या दोन तरुणींच्या पालकांनी केलेल्या याचिकेला ते उत्तर होते. लस ऐच्छिक होती, तिच्याविषयीची माहिती उपलब्ध होती, त्यामुळे शासनावर भरपाईचे दायित्व टाकता येणार नाही आणि पीडितांनी दिवाणी न्यायालयात दाद मागावी, असा त्या भूमिकेचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत ‘ऐच्छिक’ हा शब्द बरोबर असेलही. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा पूर्ण केलेल्यांनाच मुंबईच्या लोकलमधून प्रवासाची मुभा मिळाली होती, हे कल्याण-डोंबिवलीच्या कारकुनाला सांगावे लागत नाही. ज्या इच्छेच्या एका बाजूला लस आणि दुसऱ्या बाजूला बुडणारा पगार, ती इच्छा कितपत मोकळी होती?

दिवाणी न्यायालयाची वाट दाखविण्यात याहूनही मोठी अडचण आहे. तेथे नुकसानभरपाई मागताना सामान्यतः कोणाचा तरी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. लशीच्या इतिहासात असे प्रसंग घडलेले आहेत. १९०२ च्या ऑक्टोबर महिन्यात पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. लस मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतून गेलेली असल्याने तिचे जनक डॉ. वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले. ज्या प्रयोगशाळेला आज त्यांचे नाव आहे, तिच्याच इतिहासातील हे पान आहे. तेथे एकाच बाटलीत दूषण शिरले होते; कोणाची तरी चूक शोधता येत होती. गुठळीच्या अपघातात तसे काही नाही. लस शुद्ध होती, सुई स्वच्छ होती, परिचारिकेचा हात कसलेला होता. शरीरातील दोन जुन्या पहाऱ्यांच्या संगनमतात एका विरळा क्षणी गफलत झाली. जेथे दोषीच नाही, तेथे दोष सिद्ध करून आणा, असे शोकाकुल मातापित्यांना सांगणे म्हणजे त्यांना न्यायाच्या दारातून परत पाठविणेच होय.

म्हणूनच अनेक देशांनी दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची वाट धरली. जर्मनीत तसा कायदा १९६१ मध्ये झाला, ब्रिटनमध्ये १९७९ मध्ये. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने बालकांच्या नेहमीच्या लशींसाठी असा निधी उभारला आणि प्रत्येक मात्रेवर, ती ज्या रोगापासून रक्षण करते त्या प्रत्येक रोगामागे, पंचाहत्तर सेंट इतका लहानसा कर बसविला. या योजना निर्दोष आहेत असे नव्हे. ब्रिटनमध्ये साठ टक्के अपंगत्व आल्याखेरीज एक लाख वीस हजार पौंडांपैकी एक पौंडही मिळत नाही, ही तक्रार रास्तच आहे. तरीही मूळ तत्त्व त्यांनी मान्य केले.

हे तत्त्व भारताला परके आहे, असेही नाही. मोटार अपघातात चालकाची चूक सिद्ध न करता काही रक्कम देण्याची तरतूद १९८२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यात आली. रेल्वे अपघातातील प्रवाशाला रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई मिळते, असे १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत मृत्यू वा इजा झाल्यास शासन रक्कम देते. ती योजना २००५ पासूनची आहे. नव्या औषधाच्या चाचणीत स्वयंसेवकाला त्या चाचणीमुळे इजा झाल्यास त्यालाही भरपाईचा हक्क आहे. म्हणजे लशीची चाचणी चालू असताना जो धोका समाज आपल्या शिरावर घेतो, तोच धोका, लस कोट्यवधींना दिली जाऊ लागताच, एकट्या नागरिकाच्या शिरावर जावा, याला तर्काचा आधार सापडत नाही.

मात्रेमागे एक रुपया

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला खर्चाचा. अपघात दहा लाखांत एक आणि भरपाई प्रत्येकी दहा लाख रुपये असे क्षणभर गृहीत धरले, तर दोनशे वीस कोटी मात्रांमागे दोन हजार दोनशे प्रकरणे होतील आणि एकूण रक्कम दोनशे वीस कोटी रुपये होईल. म्हणजेच मात्रेमागे एक रुपया. प्रमाण दहापट धरले, तरी दहा रुपये. जून २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांत याच लशीसाठी ७८० रुपयांपर्यंत आकारणी करण्यास मुभा होती, हे लक्षात घेता ही रक्कम राष्ट्राला जड जाणारी नाही.

दुसरा आक्षेप असा, की मग प्रत्येक मृत्यू लशीच्या नावावर मांडला जाईल. येथेच रक्त साकळणे आणि रोगप्रतिकार यांच्या नात्याचे ज्ञान उपयोगी पडते. लस घेतल्यावर साधारणतः पाच ते तीस दिवसांत लक्षणे दिसणे, गुठळी आढळणे, प्लेटलेट घटणे आणि त्या विशिष्ट प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडणे, अशी या विकाराची ओळख आहे. ती प्रयोगशाळेत पडताळता येते. दोन वर्षांनी आलेला हृदयविकाराचा झटका या खात्यावर मांडता येणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा जो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातही लसीकरणाने असा धोका वाढल्याचे आढळले नाही. खऱ्या अपघाताला मान्यता दिली, तरच खोट्या दाव्याला ठामपणे नाकारण्याचा नैतिक अधिकार प्राप्त होतो. जो शासक सर्वच नाकारतो, त्याचे खरे नाकारणेही कोणी मानीत नाही.

तिसरा आक्षेप लोक घाबरतील हा. लोक घाबरतात ते माहितीने नव्हे, माहिती दडली असावी या संशयाने. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निर्णयात नागरिकांना आणि खासगी डॉक्टरांना दुष्परिणामांची नोंद करता यावी आणि ती जनतेला पाहता यावी, अशी व्यवस्था करण्यास सांगितले, ते याच जाणिवेने. पण केवळ नोंदवही पुरेशी नाही. जिल्हा रुग्णालयात प्लेटलेटची गणना, गुठळीची रक्तचाचणी आणि मेंदूचे छायाचित्र यांची सोय हवी. संशयित रुग्णाचे रक्त प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेकडे त्वरेने जावयास हवे. या सोयी केवळ लशीच्या अपघातासाठी नव्हेत. जंतुदोष, बाळंतपण, सर्पदंश, डेंग्यू अशा कितीतरी प्रसंगी रक्ताची हीच तपासणी प्राण वाचविते.

भरपाईच्या व्यवस्थेचा तपशील शासन आणि न्यायालये यांनी ठरवावयाचा आहे. तिचे तत्त्व मात्र साथ नसताना, मन शांत असताना, स्वीकारले गेले पाहिजे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणास सांगता येत नाही. ती येईल तेव्हा पुन्हा नव्या लशी येतील, पुन्हा रांगा लागतील आणि पुन्हा कोठेतरी एखाद्याच्या शरीरातील पहारेकरी चुकेल. तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक असावयास हव्यात: धोका किती आहे हे आपल्याला खरे सांगितले गेले आहे आणि तो आपल्यावर ओढवलाच तर आपले घर एकटे पडणार नाही. एवढी हमी समाजाने दिली, तर दंड पुढे करण्यास त्याला फारशी सक्ती करावी लागणार नाही.